पिस्तुलाची नेमसाधने

पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांसारख्या हातात धरून झाडावयाच्या शस्त्रांच्या नळीचा रोख लक्ष्याशी जुळविण्यासाठी त्यांच्या माथ्यावर बसविलेल्या यांत्रिक खुणांना नेमसाधने म्हणतात. नळीच्या तोंडाकडील उभ्या खुणेला माशी व डोळ्याकडील बाजूस असलेल्या चिरेला खाच म्हणतात. माशी हा शब्द जुन्या बंदुकींच्या काळापासून मराठीत रूढ आहे. भिंग, दुर्बीण अथवा प्रकाशबिंदू यांचा उपयोग न करणाऱ्या अशा साधनांना लोखंडी नेमसाधने म्हणण्याचा प्रघात असला, तरी ती पोलाद, ॲल्युमिनियम व प्लास्टिक यांचीही असतात. कारखान्याने मुळात बसविलेली साधने काढून त्यांच्या जागी स्वतंत्रपणे विकत घेतलेली साधने बसविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाढत गेली व विसाव्या शतकात, मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, तिचा एक स्वतंत्र व्यवसाय बनला. कारखाना सरासरी हात व सरासरी डोळा गृहीत धरून शस्त्र घडवितो. प्रत्यक्ष वापरणाऱ्याची दृष्टी, त्याचे काम व त्याला मिळणारा प्रकाश मात्र वेगवेगळा असतो. या दोहोंतील अंतर भरून काढण्याच्या प्रयत्नांतून नेमसाधनांचा इतिहास घडला आहे.

तत्त्व : नेम धरताना खाच, माशी व लक्ष्य या तीन वस्तू एका रेषेत आणावयाच्या असतात परंतु मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू स्पष्ट पाहू शकतो. म्हणून अनुभवी नेमबाज माशीवर दृष्टी स्थिर करतो आणि खाच व लक्ष्य ही दोन्ही किंचित अंधुक दिसू देतो. माशीचा माथा खाचेच्या माथ्याशी समपातळीत असावा आणि तिच्या दोन्ही बाजूंस प्रकाशाच्या सारख्या पट्ट्या दिसाव्यात, हा योग्य नेमाचा संकेत होय.

माशी व खाच यांमधील अंतराला येथे नेमांतर म्हटले आहे. लांब बंदुकीत ते पुष्कळ असते. पिस्तुलात ते अपरिहार्यपणे कमी असते आणि पिस्तुलाने अचूक नेम साधणे कठीण असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. हात हलून संपूर्ण पिस्तूल कोन न बदलता २ मिमी. बाजूस सरकले, तर गोळीही लक्ष्यावर केवळ २ मिमी. सरकते. याउलट माशी खाचेच्या मध्यापासून १ मिमी. ढळली, तर नळीचा कोनच बदलतो आणि चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील २५ मी. प्रकारात नेमांतराची कमाल मर्यादा २२० मिमी. आहे. तेवढ्या नेमांतरावर १ मिमी. ची चूक २५ मी. वर सु. ११४ मिमी. होते. या प्रकाराच्या अचूकता फेरीतील लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाचा व्यास २०० मिमी. व दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिमी. असतो. म्हणजे मध्यबिंदूवर रोखलेली गोळी १ मिमी. च्या चुकीने काळ्या वर्तुळाबाहेर पडते आणि दहा गुणांच्या वर्तुळात राहण्यासाठी ही चूक सु. ०·२२ मिमी. पेक्षा कमी ठेवावी लागते. इतका सूक्ष्म फरक डोळ्याला दाखवून देणे हे नेमसाधनाचे खरे कार्य होय.

प्रारंभीचा इतिहास : एकनळी पिस्तुले हातभर अंतरावर वापरावयाची शस्त्रे समजली जात व त्यांपैकी अनेकांवर माशीखेरीज दुसरी खूण नसे. सॅम्युएल कोल्ट यांना १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे एकस्व मिळाले. त्यांच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ नमुन्यात नळीवर पितळी माशी होती व खाच घोड्याच्या नाकाडावर कोरलेली होती. घोडा मागे ओढल्यावरच ती डोळ्यांसमोर येई. घोडा हा हलता भाग असल्याने खाचेची जागा पूर्णपणे स्थिर राहत नसे आणि जवळच्या अंतरावर गोळी नेमापेक्षा वर लागे. १८७३ च्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ या प्रसिद्ध नमुन्यात चौकटीच्या वरच्या पट्टीत पन्हळ कोरून तिचा खाचेसारखा उपयोग केलेला होता. ही रचना दणकट होती परंतु पन्हळ अरुंद व माशी पातळ असल्यामुळे अंधुक प्रकाशात दोन्हींची रेषा जुळविणे अवघड जाई. गोळी खाली लागल्यास माशी कानशीने घासून तिची उंची कमी करणे, हा सुधारणेचा साधा उपाय होता. एकदा घासलेली माशी मात्र पुन्हा वाढविता येत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिस्तुलाच्या नेमबाजीस खेळाचे स्वरूप आले व नेमसाधनांचा पद्धतशीर विचार सुरू झाला. इंग्लंडमधील बिझली येथील नेमबाजीच्या मैदानाचे नाव दिलेला कोल्टचा नमुना १८९४ मध्ये निघाला. त्याच्या स्पर्धेसाठीच्या आवृत्तीत मागची खाच आडवी सरकविता येई. माशीच्या आकाराविषयीही प्रयोग झाले. अमेरिकन नेमबाज आयरा पेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात माशीचे टोक मण्यासारखे गोल व खाच अर्धवर्तुळाकार होती. मणी चटकन दिसे परंतु त्याची नेमकी उंची ठरविणे डोळ्याला जड जाई. १८९० नंतरच्या दशकात बॉस्टन येथील ई. ई. पॅट्रिज यांनी सपाट माथ्याची चौकोनी माशी व तिला अनुरूप चौकोनी खाच योजिली. दोन सरळ आडव्या कडा समपातळीत आहेत किंवा नाहीत, हे डोळा फार बारकाईने ओळखू शकतो. तसेच दोन उभ्या प्रकाशपट्ट्यांची रुंदी सारखी आहे किंवा नाही, हेही त्याला चटकन कळते. मानवी दृष्टीच्या या गुणावर आधारलेली पॅट्रिज रचना आजही स्पर्धेच्या पिस्तुलांत आणि बहुतेक लष्करी व पोलिसी पिस्तुलांत मूळ आकार म्हणून टिकून आहे.

लष्करी नमुने : सैन्याच्या पिस्तुलांत या सुधारणा उशिरा आल्या. १८९६ च्या मौझर पिस्तुलावर १,००० मी. पर्यंतच्या अंतरासाठी आकडे कोरलेली उचलती खाच होती आणि १९३५ च्या ब्राउनिंग ‘हाय पॉवर’ च्या एका प्रकारावर ५०० मी. पर्यंतचे आकडे होते. लाकडी दस्ता जोडून खांद्यास लावण्याची सोय गृहीत धरली, तरी ही अंतरे पिस्तुलाच्या शक्तीपलीकडील होती. दुसऱ्या टोकाला, मार्च १९११ मध्ये अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या .४५ पिस्तुलावरील माशी व खाच इतकी लहान होती की, घाईत ती डोळ्यांस सापडणे कठीण जाई. पहिल्या महायुद्धानंतर या पिस्तुलात ज्या सुधारणा झाल्या, त्यांत माशीची रुंदी वाढविणे ही एक होती. ब्रिटिश सैन्याच्या १९१५ च्या वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हरमध्ये माशीचे पाते स्क्रूने बसविलेले असून ते बदलता येई.

स्वतंत्र व्यवसाय : ओहायओ राज्यातील कँप पेरी येथे १९०७ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धांमुळे नेमबाजांचा असा एक वर्ग तयार झाला की, ज्याला कारखान्याची साधने पुरेशी वाटत नव्हती. अमेरिकन पद्धतीच्या स्पर्धांत ५० यार्डांवर (४५·७ मी.) एका हाताने सावकाश नेम धरावा लागतो. त्यासाठी उंच, रुंद व अंशाअंशाने सरकविता येणारी साधने आवश्यक होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान सॅन फ्रॅन्सिस्को येथील किंग गन साइट कंपनीने माशीच्या पायथ्याशी लहान आरसा बसवून वरून येणारा प्रकाश लाल मण्यावर टाकणारी साधने विकली. माँटॅना राज्यातील एड मॅकगिव्हर्न हे अतिजलद नेमबाजीच्या प्रात्यक्षिकांसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या नावाची सोनेरी मण्याची माशीही प्रचारात आली.

या मागणीचा परिणाम मूळ कारखान्यांवरही झाला. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा प्रारंभी प्रत्येक ग्राहकाला नळीच्या लांबीबरोबर नेमसाधनेही निवडता येत. १९४० च्या सुमारास तिने .२२ रिव्हॉल्व्हरवर स्क्रूच्या प्रत्येक खटक्यासरशी ठराविक अंतर सरकणारी खाच दिली. १९५७ मध्ये कोल्टने .४५ पिस्तुलाची स्पर्धेसाठीची ‘गोल्ड कप’ आवृत्ती समायोज्य खाचेसह काढली. टेक्सस राज्यातील बो-मार कंपनीची जड पोलादी समायोज्य खाच पुढे अनेक दशके स्पर्धकांची आवडती होती. नेमबाजांनी बाहेरून बसवून घेतलेली सुधारणा काही वर्षांनी कारखान्याने स्वतःच स्वीकारावी, हा क्रम यानंतर वारंवार दिसून येतो.

नेम की रोख? : जवळच्या झटापटीत नेमसाधनांचा उपयोग होतो का, हा प्रश्न विसाव्या शतकात दीर्घकाळ चर्चिला गेला. शांघाय नगरपालिकेच्या पोलीस दलातील अनुभवावरून विल्यम फेअरबर्न व एरिक साइक्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अगदी जवळच्या अंतरावर केवळ अंगवळणी पडलेल्या रोखावर भर दिला. भीती व घाई यांत माशी शोधण्यास वेळ मिळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील बिग बेअर येथे जेफ कूपर यांनी भरविलेल्या स्पर्धांमधून वेगळा निष्कर्ष पुढे आला. लॉस अँजेल्स परगण्यातील पोलीस अधिकारी जॅक वीव्हर हे दोन्ही हातांनी पिस्तूल धरून, ते डोळ्यांच्या पातळीवर आणून व माशी पाहून गोळी झाडीत. १९५९ मध्ये त्यांनी या पद्धतीने स्पर्धा जिंकली. कंबरेपासून झटपट झाडलेल्या व हुकलेल्या गोळीपेक्षा क्षणभर उशिराने झाडलेली व लागलेली गोळी श्रेष्ठ, हे यातून अनेकांस पटले. १९७६ मध्ये मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारोपयोगी नेमबाजी महासंघाने हाच विचार स्पर्धारूपाने जगभर नेला.

या वादाला एक सामाजिक बाजू आहे. नागरी वस्तीत पोलिसाच्या पिस्तुलातून सुटलेली व हुकलेली गोळी कोठेतरी जाऊन लागतेच आणि तिची जबाबदारी झाडणाऱ्यावर येते. म्हणून चटकन दिसणारी व तरीही पुरेशी अचूक अशी साधने ही केवळ खेळाडूंची हौस न राहता सार्वजनिक सुरक्षिततेची बाब ठरली.

पोलिसी गरज व नवी साधने : १९८० नंतर अमेरिकेतील पोलीस दले रिव्हॉल्व्हर सोडून स्वयंभरणी पिस्तुलांकडे वळली. स्पर्धेची उंच व धारदार कडांची खाच म्यानातून पिस्तूल काढताना कपड्यांत अडके आणि पडल्यास तिचे नाजूक स्क्रू बिघडत. वेन नोव्हाक यांनी उतरत्या पाठीची, बुटकी व स्थिर खाच तयार केली. स्मिथ अँड वेसनने १९८० च्या दशकाअखेरीस निघालेल्या आपल्या पिस्तुलांवर ती मूळ साधन म्हणून बसविली. तिचा गुळगुळीतपणा पुढे काहींना गैरसोयीचा वाटू लागला. एक हात जखमी झाल्यास खाचेची कड कंबरपट्ट्यात अडकवून पिस्तुलाची स्लाइड मागे ओढता यावी, यासाठी पुढील बाजूस उभी कड असलेल्या खाचा निघाल्या. ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक १७ पिस्तुलाची नेमसाधने प्लास्टिकची होती. हे पिस्तूल जगभर पसरल्यावर त्यासाठी पोलादी बदली साधनांची फार मोठी बाजारपेठ उभी राहिली.

अंधारात काळी माशी दिसत नाही, या अडचणीवर ट्रिशियम हा किरणोत्सर्गी वायू उपयोगी पडला. काचेच्या सूक्ष्म नळीत भरलेल्या या वायूच्या किरणांनी आतील अनुस्फुरक लेप सतत मंद प्रकाशतो व त्यासाठी विद्युत् घट लागत नाही. ट्रिशियमचा अर्धायुकाल सु. १२·३ वर्षे असल्याने तेवढ्या काळात प्रकाश निम्म्यावर येतो, म्हणून अशी साधने विकत घेताना निर्मितीचे वर्ष पाहणे आवश्यक असते. दिवसाच्या उजेडासाठी प्रकाशीय तंतूचा तुकडा बसविलेली माशी निघाली. तंतू बाजूने प्रकाश शोषून टोकाशी तेजस्वी ठिपका दाखवितो परंतु अंधारात तो निरुपयोगी ठरतो आणि आघाताने तुटू शकतो. खाचेच्या दोन बाजूंस व माशीवर मिळून तीन पांढरे ठिपके देण्याची पद्धतही याच काळात सार्वत्रिक झाली. ठिपके घाईत मदत करतात. मात्र डोळा कडांऐवजी ठिपके जुळवू लागला, तर सूक्ष्म नेमात ते विघ्न ठरतात. उथळ इंग्रजी व्ही आकाराची खाच व मोठा पांढरा मणी ही रचना, भारत व आफ्रिकेतील शिकारीत वापरल्या जाणाऱ्या ब्रिटिश दुनळी रायफलींवरून पिस्तुलावर आली. ती अतिजलद परंतु दूरच्या लक्ष्यासाठी कमी अचूक असते.

निवड : या इतिहासावरून असे दिसते की, प्रत्येक सुधारणेत एक गुण मिळविण्यासाठी दुसरा काही अंशी सोडावा लागला आहे. त्यामुळे सर्वोत्तम साधन असे काही नसते, कामास योग्य असे साधन असते. निवडीत पहिला विचार माशी व खाच यांच्या रुंदीचा करावा लागतो. डोळ्यापासून ६०० मिमी. वर खाच व ७६५ मिमी. वर माशी आहे, असे समजल्यास ३·२ मिमी. रुंदीची माशी खाचेच्या जागी सु. २·५ मिमी. इतकीच भासते. खाच ३·६ मिमी. रुंद असेल, तर प्रत्येक बाजूस सु. ०·५५ मिमी. ची प्रकाशपट्टी दिसते. पट्टी रुंद असल्यास माशी लवकर सापडते व अंधुक प्रकाशातही हरवत नाही. पट्टी अरुंद असल्यास संथ व सूक्ष्म नेम चांगला साधतो. स्थिर प्रकाशात स्पर्धा करणाऱ्यास रंगविरहित काळी साधने व समायोज्य खाच सोयीची ठरते. शस्त्र रोज म्यानात बाळगणाऱ्यास दणकट, बुटकी व स्थिर साधने हितकर असतात. खाचेची पाठ आडव्या रेघांनी खरबरीत केलेली असल्यास प्रकाशाचे परावर्तन कमी होऊन कडा स्पष्ट दिसतात.

वयाचाही विचार आवश्यक ठरतो. चाळिशीनंतर नेत्रभिंगाची लवचिकता कमी होऊन हाताच्या अंतरावरील माशी अंधुक दिसू लागते. अशा वेळी अधिक रुंद अथवा ठळक रंगाची माशी उपयोगी पडते. तथापि पुष्कळदा साधन बदलण्यापेक्षा माशीच्या अंतराला जुळणारा चष्मा करून घेणे अधिक फलदायी असते.

मूल्यमापन व जुळणी : बहुतेक साधने स्लाइडवर कोरलेल्या, तळाशी रुंद व माथ्याशी अरुंद अशा आडव्या खोबणीत घट्ट ठोकून बसवितात. खोबणीची मापे प्रत्येक बनावटीत वेगळी असल्याने हे काम जाणकार कारागिराकडून करून घेणे श्रेयस्कर असते. सैल बसलेली खाच दृष्टीस न पडता सरकते व नेमबाज स्वतःच्या हाताला दोष देत राहतो.

नव्या साधनांची परीक्षा शस्त्राला आधार देऊन, नेहमीच्याच काडतुसांनी व अनेक गोळ्यांचे गट झाडून करतात. एकट्या गोळीवरून काहीही ठरविता येत नाही. गट घट्ट असून मध्यापासून दूर पडला, तर दोष जुळणीचा असतो. गट विखुरलेला असेल, तर दोष बहुधा चाप ओढण्यात असतो व तो कोणत्याही साधनाने दूर होत नाही. खाच ज्या दिशेला सरकवावी, त्या दिशेला गोळी सरकते. माशीचा परिणाम याच्या उलट असतो. माशीच्या उंचीत करावयाचा बदल काढण्यासाठी गोळीच्या विचलनास नेमांतराने गुणून लक्ष्याच्या अंतराने भागतात. उदा., १६५ मिमी. नेमांतराच्या पिस्तुलाची गोळी २५ मी. वर ६० मिमी. खाली लागत असल्यास माशी सु. ०·४ मिमी. ने बुटकी हवी. जड व मंद गोळी नळीतून उशिरा सुटते व तोवर धक्क्याने नळीचे तोंड अधिक वर उचलले गेलेले असते, म्हणून ती सामान्यतः वर लागते. काडतूस बदलल्यास जुळणी पुन्हा तपासावी लागते ती यासाठीच.

सद्यःस्थिती : २०१० नंतर पिस्तुलाच्या स्लाइडवर बसणारी, लाल प्रकाशबिंदू दाखविणारी लहान साधने पोलीस दलांत व स्पर्धांत झपाट्याने पसरली. त्यांत बिंदू व लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसत असल्याने डोळ्याची मूळ अडचण दूर होते. मात्र घट संपल्यास किंवा काच मळल्यास आधार असावा, म्हणून पुष्कळदा अशा पिस्तुलांवर उंच माशी व खाचही ठेवतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत मात्र भिंगे, आरसे व प्रकाशबिंदू असलेली साधने निषिद्ध असून केवळ उघड्या माशी-खाचेनेच नेम धरावा लागतो. भारतात या खेळाची संघटना असलेला राष्ट्रीय रायफल संघ १९५१ मध्ये लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाला व त्यांच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरविल्या जातात. लंडन येथील २०१२ च्या ऑलिंपिक स्पर्धेत विजय कुमार यांनी २५ मी. जलद पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळविले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी इंडोनेशियातील २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. ही पदके चौकोनी माशी व चौकोनी खाच यांच्या साहाय्यानेच मिळविलेली आहेत. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका हौशी नेमबाजाने कारखान्याच्या साधनांवर समाधान न मानता सुचविलेला आकार अशा प्रकारे आजही या खेळाचा पाया म्हणून उपयोगात आहे.